दसऱ्यानंतरची बालवाडी

दसऱ्याला सोने लुटून सीमोल्लंघन करावे, सात-आठ महिने परमुलखात घालवावे आणि मृग तोंडावर आला की घरची वाट धरावी, असा मराठ्यांच्या फौजांचा शिरस्ता होता व पेशवाईबरोबर तो लयास गेला, असे इतिहासकार सांगतात. हे विधान सामान्यतः मान्य करण्यास हरकत नाही. मात्र गेवराई तालुका त्यातून वगळावा लागेल. ज्या राक्षसभुवनापाशी १७६३ च्या ऑगस्टात थोरल्या माधवरावांनी गोदाकाठी निजामाच्या फौजेचा मोड केला (आणि तोही भर पावसाळ्यात, म्हणजे उपरोक्त शिरस्ता मोडून), त्याच राक्षसभुवनाच्या पंचक्रोशीतून आजही दसरा-दिवाळी उलटली की टोळ्या निघतात, त्यांना मुकादम असतो, मजल-दरमजल मुक्काम असतात, आणि पश्चिमेचा व दक्षिणेचा मुलूख पालथा घालून त्या उन्हाळ्यात परततात. तलवारीच्या जागी कोयता आला आहे, हा एक फरक. आणि शिपाई मोहिमेवरून लूट घेऊन येत असे, तर ऊसतोड्या आधी उचल घेतो, मग मोहिमेवर निघतो आणि परतताना पुष्कळदा अंगावर बाकी घेऊन येतो, हा दुसरा.

तिसराही एक फरक आहे, व प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. पानिपतचा प्रसंग सोडला तर मोहिमेवर बायकापोरे नेणे हे शहाणपणाचे लक्षण समजले जात नसे. ऊसतोडीत मात्र नवरा आणि बायको मिळून एक कोयता होतो. कोणी एकटाच आला तर त्याला अर्धा कोयता म्हणतात, आणि या अपूर्णांकाला कोणत्याही कोर्टात अपील नाही. घरी आजी असेल व तिचे गुडघे शाबूत असतील तर थोरले पोर तिच्यापाशी राहते. परंतु जे अद्याप आईचा पदर धरून चालते, त्याला कोयत्याच्या हिशेबात शून्य धरून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पिठाचा डबा, पत्र्याची पेटी, दोन कोंबड्या आणि एक शेळी यांच्या मधोमध बसविले जाते. शेळीची किंमत सर्वांस मुखोद्गत असते, कोंबड्यांचीही असते. अशा रीतीने वयाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी, पासपोर्ट, व्हिसा आणि विमानतळावरील हारतुरे यांवाचून, आमच्या तालुक्यातील बालक परदेशस्थ होते.

आमच्या तालुक्याला ऊस ठाऊक नाही असे नव्हे. जायकवाडीचा उजवा कालवा तालुक्यातून वाहतो, गढीला जय भवानी सहकारी साखर कारखाना उभा आहे, आणि तरी टोळ्यांचे ट्रॅक्टर त्याला वळसा घालून कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे गाठतात, व त्यानेही समाधान न झाल्यास बेळगाव-बागलकोटकडे उतरतात. काखेत कळसा असताना गावाला वळसा घालणारा मूर्ख ठरतो, हे आम्ही लहानपणी शिकलो. परंतु कळसा एकाचा आणि तहानलेले हजारो असले म्हणजे काय करावे, हे ती म्हण सांगत नाही.

गेवराईचे परदेशस्थ याच एका वाणाचे आहेत असे मानणे मात्र अन्यायाचे होईल. दुसरा वाण अभियंत्यांचा. त्यांची पहिली मजल पुण्याला हिंजवडीपर्यंत व दुसरी एकदम जर्मनीस किंवा अमेरिकेस. या कुटुंबातील बालकाच्या विद्यारंभाची सिद्धता कशी होते, हे पाहण्यासारखे असते. ज्याच्या आजोबांना जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजींनी कान पकडून बसविले व जन्मतारीख विचारण्याच्या भानगडीत न पडता १ जून लिहून टाकली (महाराष्ट्रात एका विशिष्ट वयाच्या पुढील इतकी माणसे १ जून रोजी जन्मली आहेत, की त्या दिवशी सुइणींनी काय केले असेल याचे नवल वाटते), त्याच आजोबांच्या नातवासाठी पुण्यात जन्मदाखला, लसीकरणाचा तक्ता, आधार, रहिवासाचा पुरावा, आईबापांच्या पदव्या आणि एकत्रित काढलेला हसरा फोटो अशी मिसल तयार होते. वयाच्या बाबतीत सरकारने ३१ डिसेंबर हा ‘मानीव दिनांक’ ठरविला आहे. त्या दिवसापर्यंत नर्सरीसाठी तीन वर्षे व पहिलीसाठी सहा वर्षे पुरी झाली पाहिजेत. त्यामुळे १ जानेवारीला जन्मलेल्या बालकाचे आईबाप एका दिवसाच्या घाईउशिराबद्दल परस्परांस आजन्म बोल लावण्यास मोकळे झाले आहेत.

जर्मनीस गेलेल्यांची तऱ्हा आणखी निराळी. बालोद्यान ही कल्पनाच मुळी त्या देशात फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८४० च्या सुमारास नामकरण करून जगाला दिली, आणि १ ऑगस्ट २०१३ पासून तेथील एक वर्षावरील प्रत्येक बालकाला बालसंगोपनगृहातील जागेचा कायदेशीर हक्क आहे. हक्क आहे म्हणजे जागा आहे, असा अर्थ मराठवाड्यातील माणूस करणार नाही, आणि तो जर्मनीतही तसा होत नाही असे कळते; म्हणून पुष्कळ आईबाप बालक उदरात असतानाच प्रतीक्षायादीत त्याची नोंद करतात. हे ऐकून गेवराईत कोणी हसू नये. आपल्याकडेही पावसाळ्यात मुकादमाची उचल घेताना ज्या बाईला चौथा-पाचवा महिना लागलेला असतो, तिच्या बालकाची त्या साली गळिताच्या हंगामासाठी नोंद झालेलीच असते. फक्त प्रतीक्षायादी नसते, ताबडतोब प्रवेश मिळतो.

जागा मिळाल्यावर जर्मनीतील आईने किंवा बापाने पहिले काही आठवडे बालकाबरोबर त्या संस्थेत जाऊन, आधी जवळ, मग जरा दूर, मग दाराबाहेर अशा क्रमाने बसावे लागते. बालकाला एकदम तोडू नये, हळूहळू रुळू द्यावे, असे तेथील बालमानसशास्त्र सांगते. आमच्याकडे हा विधी काही आठवड्यांत आटोपत नाही; चांगले पाच-सहा महिने चालतो. आई फडात पुढे सरकत जाते आणि बालक बांधावर राहते. आधी जवळ, मग जरा दूर, मग उसाच्या आड. क्रम अगदी शास्त्रोक्त आहे.

आमच्या मनात पुष्कळदा असे येते, की एखाद्या ऊसतोड जोडप्याला शहरातील एखाद्या नामांकित बालवाडीच्या मुलाखतीस बसवावे. तेथील बाई चष्मा सावरून विचारतील, “आपण दोघे मिळून पाल्याला दिवसातून किती वेळ देता?” या प्रश्नावर भल्याभल्या अभियंत्यांची बोबडी वळते. हे जोडपे सांगेल, चोवीस तास. पहाटे कोयते निघतात तेव्हा पोर झोळीत असते आणि रात्री उशिरा ट्रॉली भरायला घेतली तर चाकाशेजारी गोधडीवर असते. मोबाइल किती वेळ पाहते? कोपीत वीजच नाही, सबब चार्जिंगपुरताही नाही. निसर्गाच्या सान्निध्यात राहण्याची संधी मिळते का? बालक आणि निसर्ग यांच्यामध्ये एक पाचटाची भिंत आहे, आणि तीही वारा सुटला की निसर्गाच्या बाजूला जाते. भाषा किती? घरी आपली, तांड्यावरचे असेल तर गोरमाटी, मुकादमाची मराठी, आणि हंगाम बेळगावकडे लागला तर शेजारच्या पोरांची कन्नड. प्रवासाची आवड? दर आठ-पंधरा दिवसांनी मुक्काम हलतो. प्रत्येक उत्तरास बाई खूण करीत जातील, गुणांची बेरीज आजवरच्या सर्व पाल्यांवर मात करील, आणि अर्ज शेवटच्या रकान्यात अडेल. त्या रकान्याचे शीर्षक ‘कायमचा पत्ता’.

फडातील या बालशिक्षणाचे स्वरूप एकदा जवळून पाहिले म्हणजे शास्त्रज्ञांना तेथे शिकविण्यासारखे फारसे उरत नाही, असे वाटू लागते. बांधावर बाभळीच्या फांदीला नऊवारीची झोळी बांधलेली, तिच्यात तान्हे, झोळीला झोका देण्याच्या कामावर चार वर्षांची बहीण रुजू. मादाम माँटेसरींनी ज्याला जीवनव्यवहाराचे शिक्षण म्हटले व ज्यासाठी शहरांत लहान आकाराचे तांबे, झाडू आणि पाट मुद्दाम घडवून घेतात, ते येथे पूर्ण आकाराच्या साधनांनिशी चालू असते. पलीकडे तीन-चार पोरांचा खेळ रंगलेला असतो. उसाच्या कांड्यांचा ट्रॅक्टर, मातीच्या ढेकळांची उचल. मुकादम होण्यासाठी सगळेच भांडतात. टोळी व्हावयास कोणीच राजी नसतो, म्हणून अखेर सर्वांत लहान असेल त्याला टोळी करतात व ढेकूळ देऊन सांगतात की आता पळून जायचे नाही. एक पोर जरा बाजूला उभे राहून तळहातावर काडीने काहीतरी रेघोट्या ओढीत असते. तो स्लिपबॉय. कारखान्याच्या वतीने खेपांच्या चिठ्ठ्या फाडणारा हा इसम म्हणजे त्या संपूर्ण फडात खिशाला पेन असलेला एकमेव माणूस. तेव्हा लेखन-वाचनाविषयीची त्या बालकाची पहिली आणि बराच काळ शेवटची कल्पना हीच, की ज्याला लिहिता येते तो ऊस तोडत नाही, नुसता उभा राहतो. ही कल्पना चुकीची आहे असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही.

आता या बालकाचा मालक कोण, हा कायद्याचा प्रश्न. ज्या कारखान्यात तीसहून अधिक स्त्रिया काम करतात तेथे पाळणाघर असले पाहिजे, असे १९४८ चा कारखाना अधिनियम २०२५ पर्यंत म्हणत होता. परंतु ऊसतोडीची बाई कारखान्यात नसते, फडात असते. फड शेतकऱ्याचा, त्यातील ऊस कारखान्याचा, ऊस तोडणारा कोयता मुकादमाचा, आणि मुकादम विचारले तर सांगतो की आपण फक्त मधला माणूस. या तिघांच्या वाटणीनंतर जे उरते ते झोळीत निजलेले असते. बरे, मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याकडे जावे तर २००९ चा तो कायदा सहा ते चौदा या वयाच्या बालकांवर माया करतो. सहाच्या आतील बालकांसाठी कलम ११ आहे. तीन वर्षांवरील बालकांच्या पूर्वप्राथमिक शिक्षणाची व्यवस्था शासन ‘करू शकेल’, असे ते म्हणते. राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदातही २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीपासून या वयाचा उल्लेख आहे, आणि तेथेही राज्य ‘प्रयत्न करील’ असे वचन आहे. कायद्याच्या भाषेत ही अत्यंत सभ्य क्रियापदे आहेत. मुकादमाच्या करारात अशी क्रियापदे नसतात. तेथे टोळी हजर होईल, म्हणजे होईल.

गावातील व्यवस्थाही याच वयाच्या उंबरठ्यावर थबकलेली दिसते. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह निघते. तेथे दोन वेळचे जेवण मिळते व पोर शाळेत टिकते. चांगली योजना आहे. आम्ही तिच्याविषयी वावगा शब्द काढणार नाही. जाणाऱ्या मुलांच्या हाती शिक्षण हमी कार्ड देतात, ते दाखविले की त्या गावच्या शाळेने मुलाला बसवून घ्यावयाचे. कित्येक आया हे कार्ड रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून पेटीच्या तळाशी इतके जपून ठेवतात, की ते हंगामभर बाहेर निघत नाही व जसेच्या तसे कोरे करकरीत परत येते. परंतु हे सर्व शाळेत नाव असलेल्यांसाठी. साडेतीन वर्षांच्या गृहस्थाला वसतिगृहही नाही आणि कार्डही नाही. त्याची मालमत्ता एकच: अंगणवाडीच्या नोंदवहीतील नाव.

अंगणवाडी ताईची खरी कसोटी लागते ती कार्तिकात. जून ते ऑक्टोबर तिने मोठ्या कष्टाने ज्या पोरांना एका सतरंजीवर बसावयास, रांगेत हात धुवावयास आणि नाकाला हात न लावता गाणे म्हणावयास शिकविले, ती पोरे एका पहाटे ट्रॉलीत बसून निघून जातात, आणि सतरंजीवर उरतात ती जमीनवाल्यांची, दुकानदारांची व खुद्द ताईंच्या जावेची. नोंदवहीतील नावे मात्र उरतात सगळीच. २०२१ पासून पोषण ट्रॅकर नावाचे ॲप आले असून लाभार्थी परगावी गेल्यास त्याची नोंद त्या गावी वर्ग करण्याची सोय त्यात आहे. सोय खरी, परंतु वर्ग करून घेणाऱ्या अंगणवाडीने आधी बालक शोधले पाहिजे. बैलगाडीवाल्यांच्या कोप्या निदान कारखान्याजवळ एका वस्तीत असतात. ट्रॅक्टरची टोळी आज या शिवारात तर पुढल्या आठवड्यात त्या. कालव्याच्या पुलापलीकडे, पाटलाच्या विहिरीच्या खाली, अर्धा तुटलेला फड, असा पत्ता ॲपमध्ये भरता येत नाही. आणि भरला तरी ताई तेथे पोहोचेपर्यंत फड पुरा तुटलेला असतो. शाळेच्या वयाच्या मुलांसाठी पूर्वी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या होत्या. त्यांचे नाव गोड होते आणि कामही वाईट नव्हते. शिक्षण हक्काच्या कायद्यानंतर वेगळ्या शाळा नकोत, मुलांनी नेहमीच्या शाळेतच जावे, असे धोरण आले, ते तत्त्वतः निर्दोष आहे. तत्त्वाला फक्त सकाळी साडेदहा वाजता फडातून शाळेपर्यंत पोराला कोण सोडणार, एवढाच प्रश्न विचारावयाचा नाही.

वास्तविक हा प्रश्न महाराष्ट्रात सुटलेला आहे, व सुटूनही पुष्कळ काळ लोटला आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम आरंभिले, अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या, आणि १९५७ मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी बालके बालवाडीत येत नाहीत असे दिसताच या बायांनी पालकसभा भरवून उद्बोधक भाषणे केली नाहीत; बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. पोरे गुरांमागे जातात असे दिसले, तेव्हा शाळा गुरांमागे गेली; तिला कुरणशाळा म्हणत. पुढे केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि अंगणातली बालवाडी देशभर गेली. जाताना तिचे पाय मात्र कोसबाडलाच राहिले असावेत. अंगणवाडीला इमारत मिळाली, पाटी मिळाली, भिंतीवर हत्ती-घोडे मिळाले, आणि ती जागेवरून हलेनाशी झाली. कुरण असेल तेथे शाळा, हे ज्या प्रांतात सत्तर वर्षांमागे जमले, तेथे फड असेल तेथे बालवाडी जमू नये, याचे कारण आम्हांस एवढेच दिसते, की गुरे कोणाच्या कार्यक्षेत्रात चरतात हे ताराबाईंनी कोणत्याही कचेरीला विचारले नव्हते. आज विचारावे लागेल. गेवराईचे बालक पुण्याच्या जिल्ह्यात असेल तर ते कोणाच्या उद्दिष्टात धरावयाचे, हा पत्रव्यवहार सुरू होईल, तो रीतसर टिपणीसह वर जाईल, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत बालकाला मिसरूड फुटून त्याचा स्वतंत्र अर्धा कोयता झालेला असेल.

एप्रिल-मेमध्ये कारखान्याचा पट्टा पडतो व टोळ्या परततात. जूनमध्ये शाळा उघडते आणि सहा वर्षांची झालेली मंडळी पहिलीसाठी आणली जातात. अशा एका प्रवेशाच्या वेळी आम्ही एका खेड्यातील शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत बसलो होतो. १ जूनचा उदार जमाना संपला असल्याने त्यांनी जन्मदाखला मागितला, आणि आईने तो पिशवीतून काढून दिला. बाळंतपण हंगामात बेळगावकडे झालेले. दाखला तिकडचा, शिक्क्यासह, तारीख स्पष्ट, आईबापांची नावे ठीक. बाळाच्या नावाचा रकाना तेवढा कोरा. बारसे गावी आल्यावर घातले, तोवर नोंद होऊन गेली होती, असे आईने सांगितले. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ होते. त्यांनी समजावून सांगितले की, मुलाला मी आजच बसवून घेतो, परंतु नावाशिवाय दाखला पुढे प्रत्येक ठिकाणी अडेल, आणि १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे नाव जेथे नोंद झाली त्याच कार्यालयात जाऊन घालावे लागते. पंधरा वर्षांपर्यंत घालता येते, काळजी नको, फक्त कोणीतरी तिकडे गेले पाहिजे. एवढ्या लांब केवळ एका नावासाठी जाणे या माउलीला कसे परवडणार, या विचाराने त्यांचा स्वर जरा ओशाळला होता.

आईने दाखला घडीवर घडी घालून परत पिशवीत ठेवला आणि त्यांनाच धीर दिला. “त्याचं काय एवढं, गुरुजी? दसऱ्यानंतर ह्याला घेऊन तिकडंच जायाचंय की. तवा घालून आणते नाव.”